क्लच कव्हरच्या बोल्टातून गळणारं ऑइल: थ्रेड सीलंट लावून सात महिने झाले

डिसेंबरात काम केलं, आता जुलै संपत आलाय. मधल्या काळात गाडी ६,००० किलोमीटरच्या आसपास फिरली. बोपदेव घाटातून सासवड कितीतरी वेळा झालं, दोनदा खंबाटकी ओलांडून साताऱ्याला गेलो. आता खात्रीने लिहू शकतो.

गाडी म्हणजे १५० सीसीची मोटरसायकल, बारा वर्षांची. गळती उजव्या बाजूच्या क्लच कव्हरच्या पुढच्या, सगळ्यात खालच्या बोल्टापाशी. थेंब लहान, पण वाऱ्याने ते ऑइल मागे पसरायचं आणि मागच्या ब्रेकच्या पेडलवर यायचं. पावसात नवले पुलाच्या उतारावर बूट पेडलवरून घसरला, त्या दिवशी मी घाबरलो. पार्किंगमधल्या डागांचं एक वेळ चालतं, ब्रेकचं नाही.

त्याआधी दीड वर्ष काय काय केलं? एका गॅरेजमध्ये दोनदा पॅकिंग (कव्हरच्या सांध्यातलं गॅस्केट) बदललं. दुसरीकडे बोल्ट आणखी आवळून दिला आणि डोक्याभोवती सिलिकॉन फासलं. आठवड्याभरात ते सालीसारखं सुटून आलं, कारण खाली ऑइलचा थर तसाच होता. मग मीच एपॉक्सी पुटी लावली, तीही निघाली. हे सगळे उपाय बाहेरून होते. ऑइल नक्की कुठल्या वाटेने येतंय, हे कोणी पाहिलंच नव्हतं, मीही नाही.

पाहायची पद्धत सोपी आहे. रॉकेलने इंजिन धुतलं, कोरडं पुसलं, त्या भागावर टाल्कम पावडर मारली आणि धायरीपर्यंत जाऊन आलो. पॅकिंगच्या सांध्यावर पावडर पांढरीच होती. काळं वर्तुळ उमटलं ते फक्त बोल्टाच्या डोक्याभोवती. बोल्ट काढून भोकात तार घातली तर ती आत जातच राहिली. म्हणजे हे भोक बंद नाही, थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या ऑइल असलेल्या पोकळीत उघडतं. ऑइल आट्यांच्या नळीतून गोल गोल चढत बोल्टाच्या डोक्याखालून बाहेर येत होतं. पॅकिंग कितीही नवं घाला, ही वाट उघडीच राहणार होती. ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारी नळी, तोही उघडून पाहिला. तो तुंबला तर आतला दाब ऑइल बाहेर ढकलतो. माझा मोकळा होता. तुम्ही मात्र हे आधी तपासा.

भोसरीत हायड्रॉलिकचं काम करणाऱ्या मित्राने लॉकटाइट ५७७ दिलं, हेच ते थ्रेड सीलंट, आट्यांमधली फट बुजवणारं. पिवळसर, घट्ट द्रव असतो. हवा नसेल आणि धातूचा स्पर्श असेल तरच तो कडक होतो, म्हणून आट्यांच्या फटीत बसतो. आत चुकून थोडा गेलाच तर सिलिकॉनसारखे त्याचे तुकडे होऊन ऑइलच्या जाळीत अडकत नाहीत, तो पातळच राहतो. तरीही बोल्टाच्या टोकाचे एक-दोन आटे कोरडे ठेवावेत.

खरी मेहनत सफाईची, आणि इथे घाई केली तर बाकीचं सगळं वाया जातं. ऑइल बदलायचं होतंच, ते काढलं आणि गाडी रात्रभर साइड स्टँडवर ठेवली. ती डावीकडे कलते, त्यामुळे उजवं कव्हर वर राहतं आणि उरलंसुरलं ऑइल भोकाकडे येत नाही. ६ मिमीचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) आटे साफ करायला हाताने फिरवला, त्याच्या खाचांत ग्रीस भरून, म्हणजे बुरा आत पडत नाही. मग कार्ब क्लीनर, कापसाची काडी, पुन्हा कार्ब क्लीनर. काडी पांढरी निघेपर्यंत. बोल्टही तसाच धुतला. नाना पेठेतून तांब्याचे वायसर आणले होते, त्यातला एक गॅसवर लाल करून पाण्यात टाकला, त्याने तांबं मऊ होतं आणि नीट बसतं. आट्यांना सीलंट लावून बोल्ट मोजून १० न्यूटन मीटरला आवळला. ॲल्युमिनियमच्या आट्यांवर जोर काढू नये, आधीच्या आवळण्याने माझे आटे दुखावलेच होते. मुलामा दिलेल्या बोल्टावर आणि थंडीत सीलंट सावकाश सुकतं, म्हणून गाडी दोन दिवस हलवली नाही.

महिन्याने पावडर मारून पाहिलं, तीन महिन्यांनी पुन्हा. कोरडं. मे महिन्यात क्लच प्लेट बदलायला कव्हर उघडलं तेव्हा बोल्ट सुरुवातीला थोडा अडला, मग साध्या टी-पान्याने निघाला. जुना पिवळा थर खरवडावा लागतो, नवा वायसर लागतो आणि पुन्हा दोन दिवस थांबावं लागतं. घाईच्या माणसाला हे जड जाईल. शिवाय एका बोल्टासाठी अख्खी बाटली घेणं परवडत नाही, कोणाकडून थोडं मागून घ्या. मे महिन्यात नव्याने लावलेलं अख्ख्या जुलैच्या पावसातही कोरडं आहे.

आटे पूर्ण गेले असतील तर हा उपाय नाही. तिथे हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी बसवतात, पण त्या तारेच्या बाहेरच्या बाजूनेही ऑइल चढू शकतं, म्हणून ती बसवतानाच बाहेरून सीलंट लावायला सांगा.

पुढच्या महिन्यात हेडच्या डोम नटांखालचे तांब्याचे वायसर बदलणार आहे. तिथे मात्र सीलंट लावणार नाही. अनेक इंजिनांत त्यातल्या एका स्टडच्या (नट बसतो त्या दांड्याच्या) भोकातूनच ऑइल वर कॅमकडे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाकडे जातं, ती वाट बुजून चालणार नाही.