पित्ताच्या गांधी आणि बिनलेबलच्या पुड्या

आईच्या अंगावर रोज दिवेलागणीला पित्त उठायचं. पोटावर, मांड्यांवर लालबुंद गांधी आणि रडकुंडीला आणणारी खाज. आमसुलाच्या पाण्याने तेवढ्यापुरतं थंड वाटे, सेट्रिझिनच्या (ॲलर्जीवरच्या) गोळीने एखादा दिवस बरा जाई. असे कित्येक महिने गेल्यावर नात्यातल्या कुणीतरी एका वैद्याचं नाव सुचवलं. तालुक्याच्या गावी लॉजवर खोली घेऊन महिन्यातून एकदा बसणारा माणूस. नाडी धरून म्हणाला, "पित्त रक्तात उतरलंय, मुळापासून काढतो." पुड्यांचे सात हजार रोख घेतले, पावती दिली नाही, आणि इंग्रजी औषध पूर्ण बंद करायला बजावलं.

दोन दिवसांत अंग साफ. आई त्याला देवमाणूस म्हणू लागली.

मग तिचा चेहरा गोल सुजला, भूक अफाट वाढली, कधी नव्हती ती साखर निघाली. पुढच्या महिन्यात तो आलाच नाही. पुड्या संपल्या तशी आई गळून गेली, उलट्या, चक्कर, आणि गांधी पहिल्यापेक्षा जास्त. त्वचारोगतज्ज्ञांनी चेहरा पाहताच पुड्यांत स्टेरॉइड असल्याचा संशय घेतला. सकाळच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, अगदी कमी आलं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, म्हणून अशी पुडी एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी मोजून गोळी देऊन ती हळूहळू उतरवली.

सहा आठवड्यांहून जास्त टिकणाऱ्या गांधींमागे बहुतेक वेळा खाण्यातली ॲलर्जी नसतेच. पुष्कळदा शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेतल्या मास्ट पेशींना चिथावते आणि त्यांतून खाज-सूज आणणारं हिस्टामीन बाहेर पडतं. त्यावर हिस्टामीनला रोखणारी आणि गुंगी कमी आणणारी ॲंटिहिस्टामीन गोळी रोज घ्यायची असते, गांधी उठल्यावरच नव्हे. डॉक्टर तिची मात्रा चौपटीपर्यंत नेऊ शकतात, त्यानेही भागलं नाही तर ओमालिझुमॅबचं इंजेक्शन असतं. आईला रोजच्या गोळीनेच आराम पडला. एवढी साधी गोष्ट होती, याचा मला अजून संताप येतो. (ओठ-जीभ सुजून श्वास अडू लागला तर मात्र तडक दवाखाना गाठावा.)

आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवरही घटक, बॅच आणि परवाना क्रमांक असावाच लागतो. त्या पुड्यांवर अक्षरही नव्हतं. उरलेल्या पुड्या आम्ही तक्रारीसोबत अन्न व औषध प्रशासनाकडे दिल्या. लॉजवाल्याकडे त्याचा पत्ता नाही, शेजारच्या तालुक्यात असाच कुणी बसतो असं कानावर आलंय. तुमच्या घरात अशी पुडी चालू असेल तर फेकू नका, बंदही करू नका; ती घेऊन आजच डॉक्टरांकडे जा.