शिकवण्याचे व्हिडिओ कसे करावेत: सहा आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सचा माझा अनुभव

मी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवते. वर्गात झालेलं पुन्हा बघता यावं म्हणून धड्यांचे व्हिडिओही करते. त्यांतला हृदयातल्या रक्तप्रवाहाचा व्हिडिओ माझा लाडका होता. बावीस मिनिटांचा. सुरुवातीला ठोक्यांचा आवाज, मागे मंद संगीत, गोल फिरणारं त्रिमिती हृदय आणि मी बोलेन ते वाक्य खाली अक्षरशः उमटत जाणारं. त्यासाठी मी तीन आठवडे रात्री जागले होते.

तो बघून आलेल्या वर्गाला मी कोरा कागद दिला. म्हटलं, शरीरातून परत आलेलं रक्त हृदयात कुठून शिरतं, फुप्फुसात कसं जातं आणि शेवटी बाहेर कुठून पडतं, ते बाणांनी दाखवा. अर्ध्याहून जास्त कागदांवर महाधमनी, म्हणजे शरीराला रक्त नेणारी मोठी धमनी, डाव्याऐवजी उजव्या निलयातून (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून) निघाली होती. व्हिडिओ छान आहे असं मात्र सगळ्यांनीच सांगितलं. ते कागद घरी आणले आणि कितीतरी वेळ नुसते बघत बसले.

त्याच आठवड्यात शैक्षणिक मल्टिमीडिया डिझाइनच्या एका ऑनलाइन कोर्सला मी नाव घातलं. कोर्सचं नाव इथे देत नाही. खाली लिहिलेल्या तक्रारी मी त्यांना थेट कळवल्या आहेत. दर आठवड्याला चार-पाच छोटे धडे, एक चाचणी आणि आपल्याच एखाद्या धड्यावर करायचं काम, अशी रचना. ते काम एक मार्गदर्शक तपासतात आणि टिपणं लिहून पाठवतात. कोर्स घ्यावा की नाही असं कुणी विचारलं, तर या टिपणांसाठी घ्या असंच मी सांगेन.

पहिल्या आठवड्यात पाया. सगळी मांडणी मुख्यतः मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या संशोधनावर उभी आहे. डोळ्यांनी आलेलं आणि कानांनी आलेलं मन दोन वेगळ्या वाटांनी आत घेतं, आणि दोन्ही वाटा अरुंद आहेत, ही त्यातली मूळ कल्पना. बॅडली आणि हिच यांचं १९७४ चं कार्यकारी स्मृतीचं (काम चालू असताना मनात तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या स्मृतीचं) प्रारूप, जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये मांडलेला आकलनावरच्या भाराचा सिद्धांत, हे सगळं वीस मिनिटांत आटोपलं. ते बरंच केलं. मला त्यातून एवढं हाती लागलं की विद्यार्थ्याचं लक्ष मोजकं असतं, आणि पडद्यावर ठेवलेली प्रत्येक गोष्ट त्यातलाच वाटा मागते.

खरा कोर्स माझ्यासाठी दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला. काम होतं: तुमचा एक जुना व्हिडिओ घ्या आणि धड्याच्या उद्दिष्टाला थेट हातभार न लावणारं सगळं काढा. हार्प आणि मेयर यांचा १९९८ चा अभ्यास तिथे समजावला होता. वीज कशी पडते हे सांगणाऱ्या धड्यात त्यांनी विजेबद्दलच्या रंजक पण प्रक्रियेशी संबंध नसलेल्या गोष्टी घातल्या. वाचणाऱ्यांना त्या गोष्टी आवडल्या, पण मूळ प्रक्रिया त्यांना कमी आठवली आणि नव्या प्रश्नाला ती लावणंही कमी जमलं. मी माझा व्हिडिओ उघडला. ठोक्यांचा आवाज गेला. संगीत गेलं. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडधडतं, हे मी मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, तेही गेलं. ते खरं आहे आणि सांगण्यासारखंही आहे, पण रक्त कोणत्या झडपेतून जातं हे कळायला त्याची काही मदत होत नाही. हे सगळं काढताना जिवावर येत होतं.

मग मार्गदर्शकांचं टिपण आलं. दोनच वाक्यं होती: फिरणारं हृदय थांबवा, विद्यार्थ्याला उजवं-डावं कळायच्या आत बाजू बदलते आहे. मी ते वाचून चकित झाले, कारण हृदय शिकवताना सगळ्यात मोठी अडचण हीच असते. चित्रातल्या माणसाचा चेहरा आपल्याकडे असतो, म्हणून त्याचं उजवं अलिंद, म्हणजे हृदयाचा वरचा उजवा कप्पा, आपल्या डाव्या हाताला दिसतं. वर्गात मी स्वतः विद्यार्थ्यांकडे तोंड करून उभी राहते, हात छातीवर ठेवते आणि हे दाखवते. व्हिडिओत मात्र मी तेच हृदय गरगर फिरवत ठेवलं होतं. महाधमनी चुकीच्या बाजूला का गेली, त्याचं उत्तर त्या दोन वाक्यांत होतं.

दुसरी चूक मला स्वतःला सापडली. मी हृदयाच्या भागांवर एक ते बारा आकडे टाकले होते आणि नावांची यादी पडद्याच्या उजव्या कडेला दिली होती. म्हणजे विद्यार्थ्यानं आकडा बघायचा, यादीकडे जायचं, नाव वाचायचं, ते धरून परत चित्राकडे यायचं. तोवर माझा आवाज पुढच्या झडपेवर पोचलेला. आता नावं त्या त्या कप्प्यावरच आहेत, आणि मी त्रिदली झडप म्हणते तेव्हा तेवढीच झडप उजळते, बाकीचं चित्र फिकं होतं. त्याआधी दीड मिनिटाचा एक वेगळा तुकडा केला: चार कप्पे, चार झडपा, प्रत्येकाचं नाव आणि काम, बाण एकही नाही. प्रवाह दाखवायच्या आधी पात्रांची ओळख करून द्यायची, एवढंच. हा बदल मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि तो करायला एक संध्याकाळ पुरली.

लेबलांच्या रंगांचा धडा छोटा पण उपयोगी आहे. वेबच्या सुलभतेसाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषांत नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ असा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, मागितला आहे. माझी गुलाबी स्नायूंवरची पिवळी अक्षरं त्याच्या जवळपासही नव्हती.

चौथ्या आठवड्यात तुकडे पाडण्याबद्दल शिकवतात. मेयर आणि चॅन्डलर यांचा २००१ चा प्रयोग तिथे आहे: विजेवरचं १४० सेकंदांचं ॲनिमेशन त्यांनी १६ तुकड्यांत दिलं आणि पुढे जायचं बटण शिकणाऱ्याच्या हाती ठेवलं. मजकूर तोच, चित्रं तीच, पण शिकलेलं नव्या प्रश्नांना लावणं तुकड्यांनी शिकलेल्यांना जास्त चांगलं जमलं. इथवर उत्तम. पण लगेच पुढच्या धड्यात कोर्स नियम घालून देतो की कुठलाही व्हिडिओ सहा मिनिटांपेक्षा मोठा नको, आणि आधार म्हणून एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा २०१४ चा अभ्यास दाखवतो. तो अभ्यास मी पूर्ण वाचला. लोक व्हिडिओ किती वेळ बघत राहतात हे त्यात मोजलं आहे. त्यांना किती समजलं, हे नाही. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नयेत, निदान या विषयाच्या कोर्सनं तरी. प्रवाहाचा एक पूर्ण फेरा मध्येच तोडला तर तो कळत नाही. मी तुकडे घड्याळ बघून पाडले नाहीत, रक्त कुठे थांबतं ते बघून पाडले.

आता माझी मोठी तक्रार. चित्र आणि निवेदन चालू असताना तेच निवेदन शब्दशः पडद्यावर लिहू नका, असं कोर्स सांगतो. ते बरोबर आहे. डोळ्यांना चित्रही बघायचं आणि ओळही वाचायची, दोन्ही कामं एकाच वाटेवर येतात. माझ्या खालच्या ओळी मी काढल्या त्या याच कारणानं. पण कोर्स तिथेच थांबतो आणि धड्याच्या शेवटच्या तपासयादीत 'कॅप्शन काढली का?' असा प्रश्न ठेवतो. माझ्या वर्गात एक विद्यार्थिनी आहे, तिला एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं कमी येतं. तिच्यासाठी कॅप्शन म्हणजेच निवेदन. शिवाय ज्यांना धड्याची भाषा अजून नवी आहे, ज्यांना आवाज बंद ठेवून बघावं लागतं, ज्यांनी 'महाधमनी' हा शब्द आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला आहे, त्यांना लिहिलेल्या शब्दाचा आधार लागतो. चित्रावर कायमचा कोरलेला मजकूर वेगळा आणि हवी तेव्हा चालू-बंद करता येणारी कॅप्शन वेगळी. हा फरक एका ओळीत सांगता आला असता. एखादा नवखा शिक्षक ती यादी हाती घेऊन कॅप्शन काढून टाकेल आणि आपण विज्ञानाला धरून वागलो असं समजेल. त्या विद्यार्थिनीच्या वाट्याला मग मुकं चित्र येईल. कोर्सवाल्यांना मी हे लिहिलं. यादी अजून तशीच आहे.

दुसरी तक्रार चाचण्यांची. सगळ्या चार पर्यायांच्या, आणि धडा संपल्या संपल्या. त्यात मला नेहमी पूर्ण गुण मिळाले, पण पाचव्या आठवड्यात पहिल्या आठवड्यातलं निम्मं सांगता आलं नसतं. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आधी आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांना जास्त आठवत होतं. कोर्स हा प्रयोग शिकवतो, पण स्वतःच्या चाचण्या पुन्हा वाचण्याच्या बाजूनं बेतलेल्या ठेवतो. मी प्रत्येक रविवारी वही मिटून आधीच्या आठवड्याचं आठवेल तेवढं लिहून काढायचे. हा कोर्स घेणाऱ्यांनी तेवढं स्वतःच करावं.

आणखी एक उणीव आहे. सगळे नियम नवशिक्यासाठी आहेत. ज्याला विषय बऱ्यापैकी येतो त्याला भरपूर आधार अडथळा ठरू शकतो, हे संशोधनात चांगलं माहीत असलेलं आहे, पण कोर्समध्ये त्याला एक परिच्छेदसुद्धा नाही. मी हाच व्हिडिओ वॉर्डात अनेक वर्षं काढलेल्या परिचारिकांच्या उजळणीसाठी वापरते, तेव्हा ओळखीचा तुकडा गाळून टाकते. त्यांना तो कंटाळवाणा होतो.

एका गोष्टीबद्दल मात्र कोर्सला पूर्ण श्रेय. कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, म्हणून प्रत्येकाला त्याच्या पद्धतीचं साहित्य द्या, हे सरसकट ऐकवलं जातं. असं जुळवून शिकवल्यानं जास्त शिकलं जातं याला पुरेसा पुरावा नाही, हे त्यांनी आधीच्या संशोधनाच्या २००८ च्या परीक्षणाचा हवाला देऊन स्वच्छ सांगितलं.

हातात स्वतःचा एक फसलेला धडा असेल तर हा कोर्स घ्या. नुसते धडे बघून सोडणार असाल तर घेऊ नका. सगळं मोल त्या तपासलेल्या कामात आहे.

नवा व्हिडिओ साडेनऊ मिनिटांचा आहे, पाच तुकड्यांत. पुढच्या तुकडीला तो दाखवला आणि या वेळी कोरा कागद मुद्दाम आठवड्यानंतर दिला. तुकडी वेगळी, त्यामुळे सरळ तुलना करता येणार नाही. पण महाधमनी जवळजवळ सगळ्यांनी डाव्या निलयातून काढली. जिथे चुकले ती जागा आता दुसरी आहे: फुप्फुसधमनी बऱ्याच जणांनी लाल रंगवली. धमनी म्हणजे लाल, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि ही धमनी मात्र ऑक्सिजन कमी असलेलं रक्त नेते. तिसऱ्या तुकड्यात ती निळी दिसते, पण निळी का, हे मी कुठेच बोललेले नाही. ती चाळीस सेकंदं या रविवारी पुन्हा रेकॉर्ड करते आहे.