किलोग्रॅम: धातूचा दंडगोल की प्लांकचा स्थिरांक?

१८८९ पासून २०१९ पर्यंत एक किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळच्या सेव्र येथे काचेच्या झाकणांखाली जपून ठेवलेल्या, प्लॅटिनम व इरिडियमच्या मिश्रधातूच्या एका दंडगोलाचे वस्तुमान होते. जेमतेम ३९ मिलिमीटर उंचीची आणि तेवढ्याच व्यासाची ही वस्तू डोळ्यांना दिसे, आणि तिच्यावर बेतलेली व्याख्या शाळकरी मुलालाही एका वाक्यात समजे. तिची ५७ क्रमांकाची प्रतिकृती भारताच्या वाट्याला आली. गोची एवढीच, की शतकभरात मूळ दंडगोल आणि त्याच्या प्रतिकृती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमची तफावत पडली, आणि व्याख्येनुसार मूळ दंडगोल चुकूच शकत नसल्याने घटले कोण नि वाढले कोण, हे ठरवायला मार्गच उरला नाही.

२० मे २०१९ पासूनची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकाचे, म्हणजे निसर्गातील एका मूलभूत, कुठेही न बदलणाऱ्या राशीचे, मूल्य ६.६२६०७०१५ × १०⁻³⁴ ज्यूल-सेकंद असे कायमचे निश्चित करते आणि किलोग्रॅम त्यावरून ठरवते. ती झिजत नाही, तिच्यावर धूळ बसत नाही. मात्र ती प्रत्यक्षात उतरवायला किबल तराजूसारखे महागडे उपकरण लागते, ज्यात वस्तूचे वजन विद्युतप्रवाहामुळे निर्माण होणाऱ्या बलाने तोलले जाते. अचूकतेसाठी मी नवी व्याख्याच निवडेन, पण वर्गात शिकवायची वेळ आली, तर सुरुवात दंडगोलापासूनच करेन.