घोडबंदर रोडवरचा बेली डान्स क्लास: शिकवणं चोख, फरशीचा वैताग

पैसे वसूल आहेत, पण पहिल्याच महिन्यात वजन उतरेल ही आशा सोडा. मॅडम आधी नीट उभं राहायला शिकवतात: गुडघे सैल, माकडहाड खाली, पोट किंचित आत. शिमी, म्हणजे कमरेची भराभर थरथर, कमरेतून येत नाही, गुडघे आळीपाळीने भराभर वाकवल्याने येते. गुडघे ताठ झाले की ती अडते. कमरेचा बाक वाढला की पाठ धरते. इथे प्रत्येकीची पाठ आरशासमोर बाजूने उभं करून तपासतात, हे विशेष. मकसूम या अरबी तालाचा 4 मात्रांचा ठेका टाळ्यांवर घोटून घेतात. फरशी मात्र गुळगुळीत. मोजे घसरतात, अनवाणी टाचा दुखतात. पातळ तळव्याचे डान्स शूज न्याच. नाण्यांचा पट्टा लगेच घेऊ नका, त्या छनछनाटात चुका लपतात.