नीना सिमोन की एटा जेम्स: आधी कुठला अल्बम घ्यावा?

जॅझ-ब्लूजचा गाता आवाज घरात आणायचा आहे, पण तूर्त एकाच एलपीपुरते पैसे आहेत, असं कुणी म्हटलं तर मी दोनच नावं पुढे ठेवते: नीना सिमोनचा ‘लिटल गर्ल ब्लू’ आणि एटा जेम्सचा ‘अ‍ॅट लास्ट!’. दोन्ही त्या-त्या गायिकेचे पहिले स्टुडिओ अल्बम. पहिला १९५९ साली बाजारात आला, दुसरा १९६०च्या नोव्हेंबरात. काळ एकच, तरी आवाज आणि साथ यांचं नातं दोन्हींत अगदी उलट आहे. निवड करायची ती त्यावरूनच.

नीनाला गायिका व्हायचंच नव्हतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या ट्रायन गावची ही मुलगी, मूळ नाव युनिस वेमन. शास्त्रीय पाश्चात्त्य पियानोत तिला नाव काढायचं होतं. न्यूयॉर्कच्या जुलिअर्डमध्ये ती शिकली, पण फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेने तिला प्रवेश नाकारला. काळ्या वर्णामुळेच नाकारला, असं ती अखेरपर्यंत मानत राहिली. पोटासाठी अटलांटिक सिटीच्या एका बारमध्ये पियानो वाजवायला लागली, तर मालकाने सांगितलं, गावंही लागेल. घरी कळू नये म्हणून नाव बदललं. १९५७च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये बेथलेहेम या रेकॉर्ड कंपनीसाठी या अल्बमचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा सोबत फक्त दोघे होते: बासवर जिमी बाँड आणि ड्रम्सवर अल्बर्ट हीथ. पियानो अर्थात तिचाच.

हा पियानो नीट ऐका. शीर्षकगीत सुरू होतं ते ‘गुड किंग वेन्सेस्लास’ या नाताळच्या जुन्या गीताच्या सुरावटीने, आणि त्याच सुरावटीवर ती मूळ गाणं अलगद ठेवते. दोन चाली एकमेकींना धक्का न लावता सोबत चालतात. ‘लव्ह मी ऑर लीव्ह मी’च्या मध्यावर तर ती सरळ पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतकार बाखच्या वळणावर जाते: उजव्या हाताने काढलेला सूर डावा हात उचलतो, दोन्ही हात एकमेकांच्या मागे धावतात आणि ड्रम्सचा जॅझचा ठेका खाली तसाच चालू असतो. गवयाने स्वतःच पेटी पुढ्यात घेऊन गावं, तसा हा प्रकार आहे. श्वास कुठे घ्यायचा हे साथीला सांगावं लागत नाही. आवाज खालच्या पट्टीतला, जाड आणि थोडा खरखरीत. ‘आय लव्ह्ज यू, पोर्गी’मध्ये ती जवळजवळ बोलल्यासारखं गाते. हेच गाणं १९५९ साली अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या विसांत पोचलं.

आता ‘अ‍ॅट लास्ट!’. एटा तेव्हा बावीस वर्षांची होती, पण नवखी नव्हती. लॉस एंजलिसच्या चर्चमध्ये लहानपणापासून गाणारी, १९५५ सालीच एका गाण्याने ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत अव्वल आलेली. मडी वॉटर्ससारख्या गायकांच्या ब्लूजच्या रेकॉर्ड काढणाऱ्या शिकागोच्या चेस बंधूंनी तिला घेतलं, आर्गो या आपल्या पोटकंपनीसाठी. कल्पना अशी की ब्लूजचा हा खडा आवाज व्हायोलिनच्या ताफ्यापुढे उभा करायचा. वाद्यसंयोजन रायली हॅम्प्टनचं. शीर्षकगीत मूळचं १९४०च्या दशकातल्या मोठ्या नृत्यवाद्यवृंदांचं, पण आज ते एटाचंच म्हणून ओळखलं जातं. व्हायोलिनं गोड, गुळगुळीत वाजत राहतात आणि त्यांच्यावरून हा आवाज येतो: आधी मखमल, मग एखाद्या शब्दावर चर्चमधली हाक. ‘ऑल आय कुड डू वॉज क्राय’मध्ये आपल्या माणसाचं दुसरीशी लग्न लागताना पाहणारी बाई आहे. तिथे ती रडत नाही, रडणं गळ्यात अडकवून ठेवते. ‘आय जस्ट वाँट टू मेक लव्ह टू यू’ हे मडी वॉटर्सने आधी गायलेलं गाणं मात्र ती सगळा गोडवा बाजूला सारून दणदणीत म्हणते.

उणं दोन्हींकडे आहे. नीनाच्या अकरा रचनांपैकी तीन निव्वळ वाद्यसंगीत आहेत. ज्याला फक्त गळा ऐकायचाय त्याची निराशा होईल, मला मात्र ‘गुड बेट’ गाळणं जमत नाही. एटाच्या दहा गाण्यांत ‘टफ मेरी’ अगदीच किरकोळ आहे, सगळा अल्बम अर्ध्या तासात संपतो आणि व्हायोलिनं काही ठिकाणी नको इतकी दाट होतात.

जाहिरातींनी दोघींना पुन्हा वर आणलं, हेही सांगायला हवं. नीनाचं याच अल्बममधलं ‘माय बेबी जस्ट केअर्स फॉर मी’ १९८७ साली एका अत्तराच्या जाहिरातीतून, एटाचं मडी वॉटर्सवालं गाणं १९९६ साली एका शीतपेयाच्या. ब्रिटनच्या यादीत दोन्ही पाचव्या क्रमांकावर गेली. पण नीनाने या ध्वनिमुद्रणांचे हक्क सुमारे तीन हजार डॉलर्सना कधीच देऊन टाकले होते. पुढे या गाण्यांनी पैशांच्या राशी कमावल्या, त्यातलं तिच्या वाट्याला काय आलं हे वाचलं की मला आजही संताप येतो.

तर घ्यायचं काय? बैठकीत मांडी घालून, साथीकडेही कान देऊन ऐकायची सवय असेल तर नीना, बिनदिक्कत. माझं मत तिलाच आहे. पाश्चात्त्य गाणं कानाला नवं असेल, चाल लगेच धरता यावी असं वाटत असेल किंवा घरात चारजणांनी मिळून ऐकायचं असेल, तर एटा. ठरत नसेल तर नीनाचं शीर्षकगीत आणि एटाचं ‘ऑल आय कुड डू वॉज क्राय’ लागोपाठ ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर नव्हे, हेडफोन लावून. सीडी घेणार असाल तर पाठीमागची यादी तपासा: नीनाच्या काही आवृत्त्यांत त्याच वेळी मुद्रित झालेल्या तीन जादा रचना मिळतात, आणि एटाच्या नव्या आवृत्तीत गायक हार्वी फुक्वाबरोबरची चार युगुलगीतं.