शेणाच्या स्लरीसाठी घेतलेला पंप आणि ६३ मिमीची लाइन: मृगबाग ते कांदेबाग वापरल्यानंतर

चोपडा तालुक्यात तापीकाठच्या काळ्या जमिनीत आमची केळी आहे. गोठा आणि बायोगॅस घराला लागून, बाग तिथून दीडशे मीटरवर. स्लरीचे, म्हणजे पाण्यात कालवलेल्या शेणाचे, ड्रम वाहण्यात माणसं आणि वेळ दोन्ही जात होते, म्हणून ३ एचपीचा सेमी-ओपन इंपेलरचा (आतलं फिरणारं चाक एका बाजूने उघडं असलेला) पंप आणि ६३ मिमीचा एचडीपीई, म्हणजे प्लास्टिकचा, पाइप घेतला. मृगबागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या, लागवडीपासून तो चालू आहे, पावसाळा सरताना लावलेल्या कांदेबागेलाही त्यावरूनच स्लरी जाते. कंपनीचं नाव लिहीत नाही. लाइन चालते की तुंबते, हे कंपनीपेक्षा पाइपातल्या वेगावर जास्त ठरतं.

दुकानदार ९० मिमीचाच पाइप घ्या म्हणून मागे लागला होता. नुसतं पाणी न्यायचं असतं तर त्याचं बरोबर होतं. माझा पंप सेकंदाला साधारण साडेतीन लिटर टाकतो. तेवढ्या पाण्याला ९० च्या पाइपात घर्षण ६३ च्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकं लागतं. पण वेगही पडतो. ६३ मध्ये तो सेकंदाला दीड मीटरच्या आसपास राहतो, ९० मध्ये पाऊण मीटरही भरत नाही. आणि स्लरीसोबत गोठ्यातली माती-वाळू येतेच. वाळूचा कण पाण्याच्या अडीच पटींहून जड. वेग कमी पडला की तो पाइपाच्या तळाला बसतो, थर वाढतो, वाट अरुंद होते आणि दाब उलट चढतो. आमचा गडी हे एका वाक्यात सांगतो, "भाऊ, पानी चालनं जास, वाळू बसी जास."

या बसण्याचं गणित ड्युरांड नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १९५० च्या दशकातच मांडलंय. कण बसू नयेत म्हणून लागणारा किमान वेग पाइपाच्या व्यासाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. म्हणजे मोठ्या पाइपात वेग कमी तर होतोच, वर गरज मात्र जास्त वेगाची. हिशोब केला तर ६३ वरून ९० वर जाताना पंपाने जवळपास अडीच पट स्लरी टाकायला हवी. ३ एचपीत ते होत नाही. त्यामुळे आधी पंप किती टाकतो ते मोजा, मग पाइप ठरवा. माझ्याकडे २०० लिटरचा ड्रम पाइपाच्या टोकाला ठेवतो. मिनिटाच्या आत भरला तर लाइन ठीक. जास्त वेळ लागायला लागला की कुठेतरी थर धरतोय.

नुसत्या शेणाचा प्रकार वेगळा. त्यातला तंतू वाळूसारखा झटकन तळाला जात नाही, पण घट्टपणा आणतो. ताज्या शेणात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. शेण-पाणी सारखं कालवलं की घन भाग १० टक्क्यांवर येतो आणि बायोगॅसमधून बाहेर पडते ती त्याहूनही पातळ. इथवर पंप कुरकुर करत नाही. पण एप्रिल-मेमध्ये उघड्या हौदातलं पाणी उडून जातं आणि काला पुन्हा घट्ट होतो. असा काला उभा राहिला की दह्यासारखा धरतो, ढवळला की सैल होतो. म्हणून पंप सुरू करण्याआधी हौद ढवळणं चुकवायचं नाही. मोटरचे अँपिअर चढले की बरेचजण डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह आवळतात. अँपिअर उतरतात खरे, पण वेगही मरतो आणि लाइन भरते. त्याऐवजी हौदात पाणी वाढवायचं.

सुरुवात साध्या पाण्याने, मग स्लरी, शेवटी पुन्हा साधं पाणी. माझ्या लाइनीत साडेतीनशे लिटर मावतं, म्हणून स्लरी संपल्यावर तीन-चार मिनिटं पाणी सोडतो. खरी डोकेदुखी मध्येच वीज गेल्यावर. पाइप भरलेला, सगळं थांबलेलं, आणि उतारावरचा गाळ घसरत जाऊन सगळ्यात खोल जागी गोळा होतो. आमच्याकडे ती जागा चारीखाली आहे. तिथे टी टाकून दीड इंची व्हॉल्व्ह बसवून घेतला. वीज गेली की गडी जाऊन तो उघडतो. एवढ्या लाइनीत सगळ्यात पैसा वसूल झालेली वस्तू तीच.

पंपाबद्दल. सेमी-ओपन इंपेलर हाच घ्यावा. बंद इंपेलरमध्ये कडब्याचे धागे गुंडाळले की पंप उघडल्याशिवाय इलाज नाही. तरी सक्शनला मोठ्या छिद्रांची जाळी हवीच, आणि कुट्टी बारीक. शाफ्टपाशी पाणी अडवणारं मेकॅनिकल सील मात्र टिकलं नाही, वाळूने घासून पाणी सुटलं. मिस्त्रीने त्याजागी ग्लँड पॅकिंग (शाफ्टभोवती दाबून बसवलेली दोरी) करून दिलं. थेंब-थेंब गळतं, पण काम अडत नाही. पंप हौदाच्या पातळीखाली बसवलाय, त्यामुळे प्रायमिंगची, म्हणजे सुरू करण्याआधी पंपात पाणी भरण्याची, भानगड नाही.

काटकोनी एल्बो टाकू नका. लाइनीतला पहिला एल्बो बाहेरच्या बाजूने कागदासारखा पातळ झाला, आता तिथे लांब वळणाचा बेंड आहे. सरळ पाइप झिजतो तो तळाला. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राखही पाण्यात कालवून पाइपानेच बंधाऱ्यावर जाते. अशा स्लरीच्या लाइनी अधूनमधून फिरवून बसवतात, म्हणजे झीज एकाच रेषेवर पडत नाही. पुढच्या लागवडीआधी क्लॅम्प सैल करून मीही पाइप चतकोर फिरवणार आहे.

स्लरी थेट ड्रिपला जोडता येते का, असं शेजारचे विचारतात. नाही जमत. ही लाइन बागेच्या कडेच्या छोट्या हौदात सोडतो आणि तिथून सरीने देतो. ड्रिपने द्यायची असेल तर आधी काला निवळू द्यावा, वरचं पाणी गाळून घ्यावं आणि त्यानंतरही डिस्क फिल्टर वरचेवर धुवायची तयारी ठेवावी.