रीबिल्ट टायटलची सी६ कॉर्व्हेट: कोणती घ्यावी, कोणती सोडावी

शेव्हरोलेची सी६ कॉर्व्हेट २००५ ते २०१३ या वर्षांची. अमेरिकेत जुन्या स्पोर्ट्स कारच्या जाहिराती चाळल्या तर रीबिल्ट टायटलवर (मोठ्या नुकसानीनंतर दुरुस्त झालेल्या गाडीचा मालकी कागद) ती बऱ्याचदा दिसते. तिचं बाहेरचं अंग पत्र्याचं नाही, कंपोझिटचं आहे. ते चेपत नाही, तडकतं. पुढचा बंपर, एक फेंडर, बॉनेट आणि हेडलाइट गेला की नवे पॅनेल, रंग आणि मजुरी धरून बिल इतकं फुगतं की विमा कंपनी गाडी ‘टोटल’, म्हणजे दुरुस्तीला न परवडणारी ठरवून मोकळी होते. खालची चौकट कधीकधी पूर्ण सरळ असते. अशी गाडी मिळाली तर सौदा खरोखर चांगला. पण त्याच कंपोझिट अंगाखाली वाकडी चौकटही बेमालूम झाकता येते.

आधी कागद. विमा कंपनीने टोटल केलेल्या गाडीला सॅल्व्हेज टायटल मिळतं आणि दुरुस्तीनंतर राज्याच्या तपासणीतून गेली की रीबिल्ट. टोटल कधी म्हणायचं, याचा नियम राज्यागणिक वेगळा. फ्लोरिडात नुकसान किमतीच्या ८० टक्के झालं की पुरे, टेक्सासात १०० टक्के लागतं. त्यामुळे एकाच शिक्क्याच्या दोन गाड्यांचं नुकसान सारखं नसतं. राज्याच्या तपासणीवरही भिस्त ठेवू नका. न्यूयॉर्कसारख्या राज्यात ती फक्त चोरीचे भाग वापरलेत का हे बघायला असते. वेल्डिंग नीट झालंय का, हे तिथे कोणी बघत नाही.

म्हणून गाडी बघायला जाण्याआधी सतरा अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, मागून घ्या आणि तो सरळ गूगलवर टाका. कोपार्ट किंवा आयएएच्या लिलावातले जुने फोटो बहुधा सापडतात. संपूर्ण व्यवहारात याहून मोलाचा पुरावा नाही. कोणत्या बाजूने मार बसला, चाक मागे सरकलंय का, एअरबॅग उघडल्या होत्या का, डॅशबोर्डवर चिखलाची रेघ आहे का, सगळं त्यात दिसतं. विमा गुन्हे रोखणाऱ्या एनआयसीबी या संस्थेची व्हीआयएन तपासणी फुकट आहे, आणि एनएमव्हीटीआयएस या सरकारी नोंदीचा अहवाल थोड्या डॉलरांत मिळतो. एका राज्यातला पुराचा शिक्का दुसऱ्या राज्यात टायटल काढून पुसला असेल तर तो तिथे पकडला जाऊ शकतो. विकणारा व्हीआयएन द्यायला काचकूच करत असेल तर तिथेच विषय संपवा.

प्रत्यक्ष गाडीपाशी गेल्यावर नेहमीची एक युक्ती इथे चालत नाही. रंगाची जाडी मोजणारं साधं मीटर धातूवरच काम करतं. कॉर्व्हेटच्या अंगावर ते काहीच सांगत नाही. अल्ट्रासॉनिक मीटर लागतं, आणि ते फार थोड्यांकडे असतं. त्यापेक्षा टॉर्च घ्या, पुढचं चाक पूर्ण वळवा आणि फेंडरची आतली बाजू बघा. कारखान्यातून आलेला पॅनेल आतून एकसारखा, गुळगुळीत असतो. सांधलेल्या जागी फायबर ग्लासचे धागे दिसतात, रेझिनचे ओघळ दिसतात, बोट फिरवलं तर खरखर लागते. मग गाडी उन्हात उभी करून संध्याकाळच्या तिरप्या प्रकाशात बघा. भरलेल्या भेगेची रेघ रंगातून वर आलेली दिसते. दोन हेडलाइटपैकी एक पिवळसर आणि दुसरा काचेसारखा स्वच्छ असेल, तर कोणत्या बाजूने धडक झाली हे वेगळं विचारायला नको.

कूपेचं छत काढता येतं, त्याचाही उपयोग करा. कड्या सोडा, छत काढा, परत बसवा. सरळ गाडीवर ते सहज बसतं. एखादी कडी जोर लावून ओढावी लागत असेल किंवा काचेपाशी एका बाजूला फट जास्त असेल, तर पीळ बसल्याचा संशय धरा.

आता खालचा भाग. यासाठी लिफ्ट हवीच. साध्या सी६ला दोन्ही कडांना पाण्याच्या दाबाने घडवलेले पोलादी रेल आहेत. पुढच्या टोकापासून हात फिरवत मागे या. सुरकुती, हातोडीच्या खुणा, वेल्डचा नवा मणी, किंवा बाकी तळ धुळकट असताना एकाच जागी ताजा काळा रंग, यातलं काहीही दिसलं तर त्या रेलचं माप घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढचा क्रेडल (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणारा सांगाडा) ॲल्युमिनियमचा आहे. तो वाकला तर गरम करून सरळ करायचा नसतो, बदलायचा असतो. सस्पेन्शनच्या आर्मचंही तसंच. बोल्टवर पान्याच्या ताज्या खुणा असतील तर काय बदललं त्याची बिलं मागा.

त्यानंतर चारही चाकांचं अलाइनमेंट करून छापील कागद घ्या. कॅस्टर किंवा कॅम्बरमध्ये (चाकाच्या कलाचे दोन कोन) डाव्या-उजव्याचा फरक अर्ध्या अंशापेक्षा जास्त असेल आणि ॲडजस्टमेंट संपूनही जात नसेल, किंवा थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीला ज्या दिशेने ढकलतात तो कोन) शून्याजवळ येतच नसेल, तर काहीतरी वाकडं आहे. शक्य असेल तर फ्रेम दुरुस्त करणाऱ्या दुकानाने घेतलेल्या मापांचा कागदही मागा.

एअरबॅगच्या बाबतीत अजिबात सूट देऊ नका. इग्निशन दिल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. २०२४ मध्ये एनएचटीएसए या अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा संस्थेने स्वस्त, बेकायदा आयात इन्फ्लेटरबद्दल (एअरबॅग फुगवणारा भाग) इशारा दिला: धडकेत ते फुटून धातूचे तुकडे चालकाच्या अंगात घुसले आणि माणसं दगावली. त्या गाड्यांना आधी अपघात होऊन एअरबॅग बदललेल्या होत्या. म्हणजे धोका नेमका अशाच गाड्यांत आहे. लिलावाच्या फोटोत एअरबॅग उघडलेली असेल, तर मूळ कंपनीच्या भागाचं बिल हवं. नसेल तर गाडी सोडा. सीटबेल्टचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून लेबलवरची तारीख गाडीच्या तारखेशी ताडून बघा.

पुरात बुडालेली सी६ कोणत्याही भावाला घेऊ नका. तिच्या तळाला कंपोझिटच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड भरलेलं आहे. पाणी आत शिरलं की ते कुजतं. बीसीएम, म्हणजे गाडीच्या विजेचा कारभार बघणारा संगणक, चालकाशेजारच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी आहे. गालिचा उचला, वास घ्या, अंगठ्याने तळ दाबा, कनेक्टरवर हिरवा गंज आहे का बघा. दरवाजेही विजेवर उघडतात, तेव्हा पुढे काय होईल याची कल्पना येईल.

इंजिनाबद्दल थोडक्यात. २००८ पासूनचं ६.२ लिटरचं एलएस३, ४३० हॉर्सपॉवर, दणकट आहे. चालू इंजिनात पुढची हार्मोनिक बॅलन्सरची (इंजिनाचे कंप शोषणारा भाग) पुली डगमगते का ते बघा. ती बदलताना स्टिअरिंग रॅक हलवावा लागतो, त्यामुळे मजुरी बसते. झेड०६ या सी६च्या जास्त ताकदवान आवृत्तीचं ७ लिटरचं एलएस७ इंजिन व्हॉल्व्ह गाइडच्या (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या नळ्या) झिजेसाठी बदनाम आहे, शिवाय तिची चौकट ॲल्युमिनियमची. रीबिल्ट टायटलवर झेड०६ घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

भावाचं बोलायचं तर स्वच्छ टायटलची गाडी ३०,००० डॉलरला असेल, तर पुढून हलका मार बसलेली, सगळे कागद असलेली गाडी २०,००० च्या आसपास असावी. कागद अपुरे असतील तर त्याहून कमी. पैसे देण्याआधी विमा कंपनीला फोन करा: काही कंपन्या फक्त लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) देतात, आणि पुन्हा टोटल झाली तर भरपाई कमी किमतीवरच मिळते. अनेक बँका कर्जही देत नाहीत.

भारतात परतताना सोबत नेऊ, हा विचार असेल तर तो मार्ग बंद आहे. वापरलेली गाडी आयात करायला ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते, आणि सी६ कारखान्यातून डाव्या स्टिअरिंगचीच आली. ती अमेरिकेतच, त्याच शिक्क्यासह विकावी लागणार. तेव्हा लिलावाचे फोटो, भागांची बिलं आणि अलाइनमेंटचा कागद एका फाइलमध्ये जपून ठेवा. पुढचं गिऱ्हाईक तेच मागेल.